जगाचा अंत जवळ आला, मग तलवार कोणाच्या हाती?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या शेवटच्या म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा अभ्यास सुरू आहे. ते ऐकून तुमच्या ऑफिसातल्या एका हिंदू मित्राने विचारले, "जगाचा शेवट एवढ्या रक्तपाताने होणार आणि देवच शत्रूंचा नाश करणार, असं ज्यांना मनापासून वाटतं ती माणसं अहिंसक राहतील कशी? आज ना उद्या तीही हत्यार उचलणारच." तुम्हाला तिथे उत्तर सुचले नाही, आणि आता हा प्रश्न तुमच्या स्वतःच्या मनात घर करून बसला आहे.

मी पाळकांच्या प्रशिक्षणात मंडळीचा इतिहास शिकवतो. हा प्रश्न विद्यार्थीही विचारतात, आणि विचारायलाच हवा. आधी उत्तर सांगतो, मग ते कशावरून म्हणतो ते सांगतो. अंत जवळ आला आहे या विश्वासाने ख्रिस्ती माणसे हिंसक झाली आहेत, आणि त्याच विश्वासाने जिवावर उदार होऊन अहिंसकही राहिली आहेत. कित्येकदा एकाच प्रदेशात, एकाच दशकात, तीच वचने वाचून. अंत किती जवळ आहे यावर ते ठरत नाही. त्या दिवशी न्याय करण्याचे काम कोणाचे, यावर ते ठरते. विश्वासणारा जोवर म्हणतो की ते काम ख्रिस्ताचे आणि मी फक्त वाट पाहणारा, तोवर त्याच्या डोळ्यांपुढे कितीही भयंकर दृश्ये असली तरी त्याचे हात शस्त्राविना राहतात. ज्या दिवशी तो म्हणतो की देवाने ते काम आता आमच्यावर सोपवले, त्या दिवशी तलवार म्यानाबाहेर येते.

तुमच्या मित्राला हे समजायला अवघड जाऊ नये. कलियुगाच्या अंती कल्की पांढऱ्या घोड्यावर तलवार घेऊन येईल, असे पुराणे सांगतात. ते मानणारी कोट्यवधी माणसे म्हणून काही तलवारी परजत बसलेली नाहीत. ते काम कल्कीचे आहे.

आता पुस्तकाकडे. प्रकटीकरण लिहिले गेले ते बहुधा पहिल्या शतकाच्या शेवटी, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या सात मंडळ्यांसाठी. या मंडळ्यांकडे सैन्य नव्हते, सत्ता नव्हती, रोमी अधिकाऱ्यापुढे उभे राहिले तर बाजू घेणारा कोणी नव्हता. त्यांना हे पुस्तक काय करायला सांगते? धीर धरा, साक्ष द्या, देवाविरुद्ध उठलेल्या श्वापदापुढे गुडघे टेकू नका. पाचव्या अध्यायात पुस्तकाच्या लेखकाला, योहानाला, सांगितले जाते की यहूदा वंशाच्या सिंहाने जय मिळवला आहे. तो वळून पाहतो तर समोर सिंह नाही, वधलेला कोकरा आहे. माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किल्ली इथे आहे. तेराव्या अध्यायात, श्वापदाचा जोर सर्वांत वाढलेला असताना, तलवारीविषयी इशारा येतो आणि लगेच पवित्र जनांच्या धीराविषयी आणि विश्वासाविषयी सांगितले जाते. एकोणिसाव्या अध्यायात ख्रिस्त पांढऱ्या घोड्यावर येतो तेव्हा तलवार त्याच्या मुखातून निघते, आणि त्याच्यामागे आलेल्या स्वर्गीय सैन्याने काही शस्त्र चालवल्याचा उल्लेख नाही.

याचबरोबर प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की याच पुस्तकात बाबेल नगरीला दुप्पट परतफेड करा असे शब्द आहेत, द्राक्षकुंडातून वाहणारे रक्त आहे, प्रेते खायला बोलावलेले पक्षी आहेत. कोणी ही वचने उचलून "ही आज्ञा आपल्याला आहे" असे म्हणू लागला, तर त्याला वचने सापडत नाहीत असे नव्हे. म्हणून नुसते वचन दाखवून हा वाद मिटत नाही. माणसांनी काय केले तेही पाहावे लागते.

आणि त्यासाठी सोळाव्या शतकातल्या पुनर्बाप्तिस्मावाल्यांइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. लहान मुलांचा बाप्तिस्मा खरा नव्हे, विश्वास ठेवणाऱ्या प्रौढानेच तो घ्यावा, असे म्हणणारे हे लोक. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये त्यांच्यातला पहिला बाप्तिस्मा झाला. त्याच्या आदल्या सप्टेंबरात याच गटातल्या कॉनराड ग्रेबेलने जर्मनीतल्या थॉमस म्युंत्सरला पत्र लिहिले होते. म्युंत्सर हा उपदेशक. त्याने जुलै १५२४ मध्ये सॅक्सनीच्या सरदारांसमोर दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायावर प्रवचन केले होते. सोने, रुपे, पितळ, लोखंड आणि माती यांचा तो पुतळा, आणि मनुष्याचा हात न लागता सुटून त्याचा चुराडा करणारा तो दगड. म्युंत्सरचे म्हणणे असे की तो दगड आता गडगडू लागला आहे, आणि अधर्म्यांना उपटून काढण्याचे काम देवाच्या लोकांनी करायचे आहे. ग्रेबेलचे उत्तर स्वच्छ होते: शुभवर्तमानाचे रक्षण तलवारीने करायचे नाही, आपण लांडग्यांमधली मेंढरे आहोत.

१५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेनजवळ म्युंत्सरच्या बाजूच्या बंडखोर शेतकऱ्यांची सरदारांच्या फौजेशी गाठ पडली. हजारो शेतकरी कापले गेले. म्युंत्सरला पकडून, छळ करून, त्याच महिन्यात त्याचा शिरच्छेद झाला. इथे एक गोष्ट विसरू नये. या शेतकऱ्यांच्या मागण्यांत वेठबिगार, वाढीव खंड, जंगल आणि पाण्यावरचे हक्क या सगळ्या खऱ्या तक्रारी होत्या. अंतकाळाच्या शिकवणीने त्या तक्रारी निर्माण केल्या नाहीत. तिने त्यांना घाई दिली आणि जिंकण्याची खात्री दिली.

त्या रणातून हान्स हूट नावाचा एक पुस्तकविक्रेता जिवंत सुटला. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रियात तो असंख्य लोकांना बाप्तिस्मा देत फिरला. त्याची शिकवण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावते. १५२८ च्या पेंटेकॉस्टच्या सणाला ख्रिस्त येईल असे त्याचे गणित होते. तोवर तलवार म्यानात ठेवा, असे तो अनुयायांना सांगे. मात्र ख्रिस्त आला की देव ती तलवार पवित्र जनांच्या हाती देईल आणि ते अधर्म्यांना शिक्षा करतील. म्हणजे आज अहिंसा, पण मुदतीची. हूट १५२७ च्या डिसेंबरात आउग्सबुर्गच्या तुरुंगात मेला, त्यामुळे त्याच्या गणिताची परीक्षा त्याने स्वतः पाहिली नाही. तुमच्या मित्राची शंका खरी ठरते ती नेमकी या जागी. जी अहिंसा तारखेपर्यंतच टिकायची आहे, तिला ती तारीख पुढे ओढणारा कोणीतरी भेटतोच.

त्याच १५२७ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या सीमेवरील श्लाइटहाइम गावी मिखाएल झाटलर आणि सहकाऱ्यांनी सात कलमांचा एक ठराव केला. त्यातले एक कलम तलवारीबद्दल आहे. तलवार ही ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर देवाने नेमलेली व्यवस्था आहे. राज्यकर्त्यांनी ती वापरावी, मंडळीने नाही. मंडळीकडे शिस्तीचा उपाय एकच, बहिष्कृत करणे. तारखेचा इथे संबंधच नाही. तीन महिन्यांत झाटलरला जाळण्यात आले. दोन वर्षांनी, १५२९ मध्ये, स्पायर येथील सभेत पवित्र रोमन साम्राज्याचा हुकूम निघाला की पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मृत्युदंड. पुढचे सगळे या हुकमाच्या छायेत घडले.

मेल्खिओर हॉफमन हा कातडी-लोकरीचे कपडे शिवणारा कारागीर, शाळा न शिकलेला पण शास्त्र तोंडपाठ असलेला. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीत ही चळवळ त्याने नेली. १५३३ साली अंत होईल, स्ट्रासबुर्ग हे नवे यरुशलेम ठरेल आणि तिथून १,४४,००० साक्षीदार जगभर जातील, ही त्याची शिकवण. पण त्याच्या मतेही विश्वासणाऱ्यांनी स्वतः तलवार उचलायची नव्हती. एका वृद्धाने त्याला भविष्य सांगितले होते की तू सहा महिने तुरुंगात राहशील आणि मग तुझे काम जगभर पसरेल. म्हणून १५३३ मध्ये तो आनंदाने स्ट्रासबुर्गच्या तुरुंगात गेला. सुमारे दहा वर्षे तो तिथेच खितपत पडला आणि तिथेच मेला.

हॉफमन आत असताना हार्लेमचा एक बेकरीवाला, यान मॅटिस, पुढे आला. प्रकटीकरणातल्या दोन साक्षीदारांपैकी एक, हनोख, आपणच, असा त्याचा दावा. ठिकाण बदलले: स्ट्रासबुर्ग नव्हे, म्युन्स्टर. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातल्या या शहरात बर्नहार्ट रोथमन हा लोकप्रिय उपदेशक होता आणि कापडाचा व्यापारी क्निपरडोलिंग त्याच्या पाठीशी होता. जानेवारी १५३४ मध्ये मॅटिसचे दूत आले आणि काही दिवसांत शेकडो बाप्तिस्मे झाले. फेब्रुवारीत नगरपालिकेची निवडणूक त्यांनी रीतसर जिंकली. चारच दिवसांत फर्मान निघाले की बाप्तिस्मा घ्या नाहीतर शहर सोडा. भर थंडीत माणसांना वेशीबाहेर काढले गेले. बिशप फ्रांझ फोन वाल्डेकने शहराला वेढा घातला.

रोथमनने स्वतः लिहून ठेवले आहे की बाप्तिस्मा घेताना आम्ही शस्त्रे खाली ठेवली होती आणि मरण सोसणे हाच प्रतिकार मानत होतो. तो खोटे बोलत नव्हता. मग काही आठवड्यांत काय बदलले? आधी, बचावासाठी तटावर उभे राहावे लागले. मग टीका करणाऱ्या एका लोहाराला मॅटिसने सर्वांसमोर ठार केले. मग ५ एप्रिल १५३४ चा ईस्टर आला, मॅटिसने सांगितलेला अंताचा दिवस. तो मोजक्या माणसांसह वेशीबाहेर पडला आणि बिशपच्या शिपायांनी त्याचे तुकडे केले. भविष्य खोटे ठरले तेव्हा चळवळ थांबायला हवी होती, असे आपल्याला वाटते. झाले उलट. लायडनचा यान, पंचविशीतला शिंपी, पुढे सरसावला. मालमत्ता आधीच सामाईक झाली होती. आता पुरुषांना अनेक बायका करण्याची सक्ती आली, विरोध करणाऱ्यांना देहदंड आला, आणि सप्टेंबरात यान स्वतः दाविदाच्या गादीवरचा राजा झाला.

या सगळ्याला शास्त्राधार पुरवला रोथमनने. डिसेंबर १५३४ मध्ये त्याने सूड या विषयावर एक पत्रक लिहिले. त्याचा युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वेगवेगळ्या वेषांत परत परत भेटतो. शलमोन शांततेचा राजा, पण त्याच्या आधी दाविदाने लढाया करून भूमी मोकळी केली. ख्रिस्त हा शलमोन. तो येण्याआधी दाविदाचा काळ यायला हवा, आणि तो काळ आताच आहे. सोसण्याचा काळ संपला, सूड उगवण्याचा आला. बघा, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले एकही वाक्य त्याने खोटे म्हटले नाही. शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा खरीच, पण ती मागच्या काळासाठी होती, इतकेच त्याने म्हटले. हूटने म्यानात ठेवलेली तलवार रोथमनने बाहेर काढली, आणि त्यासाठी त्याला फक्त दिनदर्शिका बदलावी लागली.

आत माणसे भुकेने मरू लागली होती. २५ जून १५३५ ला फितुरीने शहर पडले आणि कत्तल झाली. पुढच्या जानेवारीत यान, क्निपरडोलिंग आणि त्यांचा साथीदार बर्नहार्ट क्रेष्टिंग यांना तापलेल्या चिमट्यांनी छळून मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून संत लांबेर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे आजही तिथे आहेत. पुढची कित्येक दशके युरोपात कुठेही प्रौढ बाप्तिस्मा घेणारा माणूस सापडला की "म्युन्स्टर!" एवढे म्हणून त्याला मारणे सोपे झाले.

याच धामधुमीत नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधल्या विटमार्सुम गावी मेनो सिमन्स नावाचा कॅथलिक धर्मगुरू होता. १५३५ च्या वसंतात जवळच्याच बोल्सवार्डजवळचा एक मठ सुमारे तीनशे पुनर्बाप्तिस्मावाल्यांनी बळकावला. आठवडाभरात तो पडला आणि बहुतेक सगळे मारले गेले. चुकीच्या मार्गाने नेलेल्या या गरीब माणसांचे रक्त मेनोच्या मनावर तप्त होऊन पडले. त्याच वर्षी त्याने लायडनच्या यानाविरुद्ध लिहिले: वचन दिलेला दावीद ख्रिस्तच आहे, त्याच्याखेरीज दुसरा राजा नाही, आणि ख्रिस्ती माणसाला देवाच्या वचनाखेरीज दुसरी तलवार नाही. जानेवारी १५३६ मध्ये, म्हणजे पिंजरे टांगले गेले त्याच महिन्यात, त्याने सुरक्षित पद सोडले आणि या पांगलेल्या, बदनाम झालेल्या लोकांचा पाळक झाला. १५४२ मध्ये सम्राटाने त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरचे इनाम लावले. पुढची कित्येक वर्षे तो फरारी होता. १५६१ मध्ये तो मेला.

मेनोने अंतकाळावरचा विश्वास सोडला नाही, हे नीट लक्षात घ्या. ख्रिस्त येईल, न्याय करील, हे तो शेवटपर्यंत मानत होता. त्याने सोडले ते स्वतःला त्या न्यायाचा हस्तक समजणे. "अंतकाळाच्या गोष्टी बंद करा म्हणजे माणसे शांत होतील" असे जे म्हणतात, त्यांना या इतिहासाने दुजोरा मिळत नाही. तीच आशा, तेच प्रकटीकरण, तोच छळ. पण मेनोचे लोक, म्हणजे मेनोनाइट, त्यांतले पुष्कळ तरी, पुढची कित्येक शतके सैन्यात जायला नकार देत देशोदेशी भटकले. १५६९ मध्ये आस्पेरन गावचा डिर्क विलेम्स पाठलाग करणाऱ्या शिपायापासून पळताना पातळ बर्फावरून पार गेला. मागचा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला, त्याला ओढून बाहेर काढले, आणि पकडला जाऊन जाळला गेला. याच परंपरेतले अमेरिकन मेनोनाइट दुष्काळानंतर १८९९ मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, धमतरीला आले. तिथल्या मंडळ्या अजून आहेत.

म्युन्स्टर हा एकच अपघात नव्हता. शंभर वर्षे आधी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, हेच घडले होते. धर्मसुधारक यान हुसला १४१५ मध्ये जाळल्यानंतर त्याच्या अनुयायांतले काही डोंगरांवर जमू लागले. फेब्रुवारी १४२० मध्ये जग नष्ट होईल, पाचच शहरे वाचतील, असे त्यांच्या उपदेशकांनी सांगितले. फेब्रुवारी सरला, जग राहिले. तेव्हा त्यांच्यातले काही म्हणू लागले की ख्रिस्त गुप्तपणे आलाच आहे आणि आता शुद्धीकरण आपल्या हातांनी करायचे आहे. त्यांचे ताबोर शहर आणि त्यांचा सेनापती यान झिझ्का याची फौज यांचा उदय याच काळातला. त्याच लोकांमध्ये पेत्र खेलचिट्स्की होता, दक्षिण बोहेमियातला खेडूत. त्याने प्रागच्या पंडितांना विचारले की ख्रिस्ती माणसाने युद्धात मारावे याला शास्त्रात आधार कोणता, आणि मिळालेल्या उत्तराने समाधान न झाल्याने तो गावी परतून आयुष्यभर तलवारीविरुद्ध लिहीत राहिला. साडेचारशे वर्षांनी टॉलस्टॉयने आपल्या एका पुस्तकातून त्याचे लिखाण जगासमोर आणले. टॉलस्टॉयचे ते पुस्तक दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधींच्या हाती पडले आणि त्यांच्यावर त्याचा खोल परिणाम झाला. हे तुमच्या मित्राला जरूर सांगा.

इंग्लंडचे उदाहरण लहान पण नेमके आहे. जानेवारी १६६१ मध्ये थॉमस व्हेनर नावाच्या पिंपे बनवणाऱ्या कारागिराने पन्नासेक माणसे घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उठाव केला. दानीएलाने सांगितलेल्या चार साम्राज्यांनंतरचे पाचवे राज्य, येशूचे, आणायचे म्हणून. काही दिवसांत तो चिरडला गेला. सरकारने संशयाने क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या हजारो लोकांना तुरुंगात टाकले. क्वेकरांनी त्याच महिन्यात राजा दुसरा चार्ल्स याला निवेदन दिले: बाह्य शस्त्रांनी लढणे आम्ही पूर्णपणे नाकारतो, ख्रिस्ताच्या राज्यासाठीही नाही आणि या जगाच्या राज्यांसाठीही नाही. या दोन शब्दप्रयोगांतला पहिला जास्त अवघड आहे. जगाच्या राज्यासाठी लढणार नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

अलीकडच्या काळातले सांगायचे तर अ‍ॅडव्हेंटिस्ट परंपरा पाहा. पुण्यात औंधची त्यांची स्पायसर ही शिक्षणसंस्था ठाऊक नाही असा माणूस विरळा, पण ती मंडळी जन्मली कशातून हे थोड्यांना माहीत असते. २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त येईल म्हणून विल्यम मिलरचे हजारो अनुयायी अमेरिकेत वाट पाहत होते. तो आला नाही. त्या निराशेतून सावरलेल्यांनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची स्थापना केली. भविष्य खोटे ठरले की माणसे म्युन्स्टरच्याच वाटेने जातात असे नाही, हे यातून दिसते. त्यांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, आणि युद्धात शस्त्र न धरण्याची शिकवण दिली. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावर डेस्मंड डॉस या अ‍ॅडव्हेंटिस्ट सैनिकाने, हातात बंदूक न धरता, सुमारे पंचाहत्तर जखमींना दोराने खाली उतरवले. ख्रिस्त लवकर येणार यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

आणि याच मंडळीतून बाहेर काढलेल्या व्हिक्टर हूटेफने १९३५ मध्ये टेक्सासात वेकोजवळ वसाहत केली, जिच्या एका फांदीतून पुढे डेव्हिड कोरेशचा गट आला. प्रकटीकरणातल्या गुंडाळीचे सात शिक्के उघडण्याचा अधिकार फक्त आपल्याला आहे, असे कोरेश म्हणे. त्यांच्याकडे शस्त्रांचा साठा होता. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी सरकारी दलाने छापा घातला. चार अधिकारी आणि आतले सहा जण मेले. एक्कावन्न दिवसांच्या वेढ्यानंतर १९ एप्रिलला रणगाडे आणि अश्रुधूर आला, आग लागली आणि लहान मुलांसह आणखी शहात्तर जण गेले. या प्रकरणात धर्मशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी, जेम्स टेबर आणि फिलिप अर्नोल्ड यांनी, सरकारला समजावण्याचा प्रयत्न केला होता की आतली माणसे हा छापा पाचव्या शिक्क्याच्या वचनांतून वाचत आहेत. त्या वचनांत वधलेल्यांना आणखी थोडा काळ वाट पाहायला सांगितले आहे, आणि वेढा जितका आवळाल तितकी ती वचने त्यांना खरी वाटतील. कोरेशने १४ एप्रिलला पत्र पाठवले की शिक्क्यांवरचे लिखाण पूर्ण करून बाहेर येतो. ते पाळले असते की नाही, कोणी सांगू शकत नाही. पण बाहेरच्यांनी शास्त्राची ही भाषा बडबड समजून दुर्लक्षिली, ही चूक मला फार मोठी वाटते. म्युन्स्टरमध्येही मृत्युदंडाच्या हुकमाने आणि वेढ्याने असेच केले होते. छळाने हिंसेचे समर्थन होत नाही, पण "सोसण्याचा काळ संपला" असे म्हणणाऱ्याला छळ झाला की श्रोते मिळतात.

यहोवाचे साक्षीदार हे आणखी एक टोक. हर्मगिदोनाचे, म्हणजे देवाच्या शेवटच्या युद्धाचे, त्यांचे वर्णन इतरांपेक्षा भीषण, आणि सैन्याला त्यांचा नकार इतरांपेक्षा कडक. हिटलरच्या छावण्यांत जांभळा त्रिकोण लावून ते गेले. ऑगस्ट डिकमनला सप्टेंबर १९३९ मध्ये साक्सनहाउझेन छावणीत सैनिकी नोंदणी नाकारल्याबद्दल सर्वांसमोर गोळी घातली. देवाचे युद्ध देव लढेल, आमच्या हातांची त्याला गरज नाही, ही त्यांची भूमिका तुमच्या मित्राच्या तर्काला सर्वांत सरळ उत्तर आहे.

मला आपल्या मंडळ्यांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तलवार कोणी उचलत नाही, पण पाहत बसण्याची सवय लागते. एकोणिसाव्या शतकातल्या डार्बी नावाच्या उपदेशकाने जगाच्या इतिहासाचे जे काळविभाग पाडले, त्यांचे रंगीत तक्ते ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल शिकवणीतून आपल्याकडेही पोचले. पश्चिम आशियात बॉम्ब पडले की व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच "चिन्हे पूर्ण होत आहेत" असे संदेश फिरतात, आणि त्यात मेलेल्या मुलांविषयी एक ओळ नसते. दुसऱ्यांचे रक्त हे आपल्या वेळापत्रकातला एक टप्पा वाटू लागणे, हीही हिंसेकडे पाहण्याची एक वृत्तीच आहे, आणि ती फार शांतपणे येते. मत्तय चोविसाव्या अध्यायात येशू लढायांचा उल्लेख करतो तेव्हा घाबरू नका म्हणतो, आणि थोडे पुढे इशारा देतो की अनीती वाढल्यामुळे पुष्कळांची प्रीती थंडावेल. शेवटच्या काळातले हे चिन्ह आपल्याच घरात तपासण्यासारखे आहे. मंडळीची शांततेची भूमिका काळाबरोबर बदलतेही. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीने १९१७ मध्ये, अंत जवळ आला अशा धगधगत्या अपेक्षेच्या दिवसांत, युद्धात भाग घेऊ शकत नाही असा ठराव केला होता. १९६७ मध्ये तो बदलून प्रत्येकाच्या विवेकबुद्धीवर सोडला. अपेक्षेचा जोर ओसरला तसा शांततेचा आग्रहही ओसरला, असा तिथला क्रम आहे.

तुमच्या मित्राच्या प्रश्नात आणखी एक खोल प्रश्न दडलेला आहे. देव शेवटी सूड घेणारच आहे म्हणून मी आज घेत नाही, ही कसली अहिंसा? मनात हिंसा आहेच की! क्रोएशियात वाढलेला धर्मशास्त्रज्ञ मिरोस्लाव व्होल्फ याने, युगोस्लाव्हिया पेटलेला असताना, याचे उलटे उत्तर दिले. त्याचे म्हणणे, ज्यांची गावे जाळली गेली, ज्यांच्या मुलीबाळींवर अत्याचार झाले, त्यांना सूड घेऊ नका असे सांगायचे तर न्याय करणारा देव लागतोच. न्याय न करणारा देव ही सुरक्षित घरांत बसलेल्यांची कल्पना आहे. मला हे बऱ्याच अंशी पटते. अहिल्यानगर आणि मराठवाड्यातल्या कित्येक मंडळ्या अशा घराण्यांच्या आहेत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरचे जिणे सोसले. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना प्रकटीकरणाचा एकविसावा अध्याय, "तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील," पाठ असतो. अन्यायाची नोंद कुठेतरी आहे आणि ती पुसली जाणार नाही, हा विश्वास काढून घ्या आणि त्यांना फक्त क्षमा करायला सांगा, तर तो त्यांच्यावर आणखी एक अन्याय होईल.

पण पौलाचे वचन अर्ध्यावर सोडता येत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात "सूड घेणे मजकडे आहे" या वचनाला लागूनच येते की तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे. पहिले वाक्य मानतो असे म्हणणाऱ्याने दुसरे केले की नाही, यावरून पहिले त्याने कसे मानले ते कळते. डिर्क विलेम्सने ते दोन्ही केले. शत्रूच्या नाशाची मनात चव घेत बसणारा हात न उचलताही रोथमनच्या फार जवळ उभा असतो.

तुमच्या अभ्यासगटासाठी माझी सूचना अशी. सहाव्या अध्यायातल्या शिक्क्यांकडे जाण्याआधी पाचवा अध्याय नीट वाचा, आणि त्याबरोबर मत्तय तेरामधला निदणाचा दाखला घ्या. तिथे दास विचारतात की आम्ही जाऊन निदण उपटू का, आणि मालक नाही म्हणतो, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल. कापणी करणारे देवदूत आहेत, दास नाहीत. शिकवणारा कोणी तारीख आणि ठिकाण दोन्ही सांगू लागला, अर्थ लावण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवू लागला, किंवा येशूची अमुक आज्ञा आता लागू नाही, काळ बदलला, असे म्हणाला, तर तिथेच थांबवून सर्वांसमोर प्रश्न विचारा. या तिन्हींपैकी तिसरे सर्वांत धोक्याचे, कारण ते सर्वांत विद्वान वाटते. आणि जमले तर त्या मित्रालाही एखाद्या बैठकीला बोलवा. प्रश्न त्याने चांगला विचारला आहे, आणि पाचवा अध्याय वाचताना तो तिथे असला तर तुमच्या गटाचाच फायदा होईल.